समुद्राने मासे पाठवले नाहीत

दत्तू,

तुझ्या तेराव्याला बेळगावहून तुझ्या साप्ताहिकाचे संपादक आले होते. जेवणं झाल्यावर मला म्हणाले, "अक्का, त्यांच्यावरच्या अंकात सगळ्यांनी लिहिलंय. घरचं कुणी नको का? तुम्ही लिहा." मी म्हटलं, माझी मराठी चौथीच झालेली आहे, आणि तीही तू जन्मायच्या आधी. ते म्हणाले, "बोलता तसं लिहा. शुद्धलेखन आम्ही बघतो." म्हणून गावी परत आल्यावर लिहायला बसले आहे. शुद्धलेखन त्यांनी खुशाल बघावं. बाकी कशाला हात लावू नये, असं त्यांना बजावून ठेवलं आहे.

इतरांनी तुझ्यावर लिहिलेलं तुझ्या बायकोने, सुमतीने, मला वाचून दाखवलं. एकाने तुला दर्याचा लेक म्हटलं आहे. दुसऱ्याने लिहिलं आहे की तू गेल्याने लाटा पोरक्या झाल्या. लाटांना काही झालेलं नाही, दत्तू. कारवारला होते तोवर मी रोज सकाळी बघत होते, त्या होत्या तशाच येत होत्या. घरात सुमती एकटी पडली आहे. तिच्याबद्दल कुणी एक ओळ लिहिलेली नाही.

मी आठवणी सांगायला बसलेले नाही. तू एक गोष्ट लिहून देतो म्हणालास आणि दिली नाहीस. ती दिली असतीस तर गावाने वरच्या कोंडीला हात लावू दिला नसता. आता उळवीची जत्रा झाली की रस्त्याचा मिस्त्री तिथे सुरुंगाचा बार उडवणार आहे, आणि गाव त्याला हो म्हणायच्या बेतात आहे. हा अंक जत्रेच्या आधी इथे येतो. म्हणून लिहिते आहे.

कारवार-बेळगावच्या वाचणाऱ्यांना कोंड ठाऊक नसेल. नदी दगडांतून येते आणि एखाद्या ठिकाणी खोल होऊन थांबल्यासारखी होते, त्या डोहाला आम्ही कोंड म्हणतो. नंदीगड्ड्याच्या खालच्या अंगाला आपलं गाव आहे. गावात देऊळ आहे, देवळाच्या पायरीशी नदी आहे आणि तिथे देवाची कोंड आहे. त्या कोंडीत मासा धरायचा नाही, गळ टाकायचा नाही, पाय धुवायचे नाहीत. दिवाळीला नवं भात घरात आलं की पहिला शिजवलेला घास गावच्या मानकऱ्याने, गावकाराने, त्या पाण्यात सोडायचा. मग खालून मासे वर यायचे, काळ्या पाठीचे, तळहाताएवढे खवले असलेले, आणि तो घास घेऊन जायचे. गावकार म्हणायचा, "देव जेवला. आता आपन जेवूया."

तू त्या कोंडीवरच वाढलास. आई गेली तेव्हा तू माझ्या मांडीवर होतास. मी नवरा वारल्यामुळे माहेरी परतलेली. बाबा रानात लाकूड तोडायला जायचे आणि पावसाळ्यात ते काम बंद असायचं. आषाढ लागला की घरातलं भात संपायचं. मग फणसाच्या आठळ्या, बांबूचे कोंब, रानातले कंद. तू देवळाच्या खालच्या दगडावर बसून पाण्याकडे बघत राहायचास. मी बोलवायला आले की म्हणायचास, "अक्का, येक मासा काढला तर देवाला कळंल काय?"

मी म्हणायची, "देवाला न्हाई कळायचं. गावकाराला कळंल."

तू हसायचा नाहीस. तुझं पोट रिकामं होतं.

पुढे मामाने तुला कारवारला नेलं. तू पहिल्यांदा सुट्टीत घरी आलास तेव्हा शाळेतलं काही सांगितलं नाहीस. सांगितलंस ते रापणीचं. वाळूवर मोठं जाळं ओढतात, त्या दोराला कुणीही येऊन हात लावला तरी त्याला वाटणीत मासे मिळतात. कोण, कुठला, काही विचारत नाहीत. "अक्का, तिथं कुनी न्हाई म्हनत न्हाई," असं तू पुन्हा पुन्हा सांगत होतास. तुझे गाल भरले होते. मला बरं वाटलं. तुला समुद्राने खायला घातलं हे मी विसरलेले नाही आणि त्याचे उपकार मानते. एवढंच म्हणते की त्याचे उपकार फेडायला तू आमची नदी वापरलीस.

तू मास्तर झालास, तिथेच राहिलास, लिहायला लागलास. राज्य बदललं, इथल्या शाळेत कन्नड आलं, तरी आपले जुने मराठी मास्तर ते साप्ताहिक मागवायचे. सोमवारी संध्याकाळी देवळात दिवा लागला की ते तुझं लिहिलेलं वाचायचे. वाचायच्या आधी दरवेळी म्हणायचे, "आपल्या दत्तूनं लिवलंय." जसं काही त्यांनीच तुला जन्म दिला होता.

तू चांगलं लिहायचास. हे मी पहिल्यांदा सांगते आहे, तुला तोंडावर कधी सांगितलं नाही. ज्या गावात एकाही माणसाने समुद्र पाहिला नव्हता, त्या गावाला तू समुद्र दाखवलास. ओहोटीच्या वेळी वाळू कशी दिसते, वारा बदलण्याआधी पाण्याला कसा वास येतो, हे ऐकताना बायका कडेवरचं मूल विसरायच्या. एकदा तू असं लिहिलंस की आपली नदी सदाशिवगडाखाली समुद्राला मिळते तेव्हा तिच्या पाण्यात डोंगरातल्या कुणाच्या तरी दारातली झेंडूची पाकळी असते. त्या आठवड्यात दामूची म्हैस मेली. इतकी वर्षं मेलेलं जनावर नदीत ढकलायची रीत होती. गावकाराने काठी आडवी धरली. म्हणाला, "ते दत्तूच्या दर्यात जातंय. रानात न्हेऊन पुरा." दामूने शिव्या दिल्या, पण पुरली. तेव्हापासून आजपर्यंत कुणी नदीत जनावर टाकलेलं नाही. हे तुझ्या लिहिण्याने झालं. सरकारी माणसाने येऊन सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं.

म्हणजे तुझं लिहिणं चालत होतं, दत्तू. माझी तक्रार तीच आहे. ते चाललं नसतं तर मी काही बोलले नसते.

मग तो लेख आला. त्यात तू लिहिलंस की समुद्र कधी कमी होत नाही. कितीही न्या, कुणीही न्या, त्याचं पोट पुन्हा भरतं. आणि पुढे लिहिलंस की सणाला लेकी माहेरी जाव्यात तसे समुद्राचे मासे नद्यांमधून वर डोंगरापर्यंत जातात, आणि एखादी गेली नाही परत तर समुद्र दुसरी पाठवतो. कुणाला नाही म्हणणं समुद्राला ठाऊक नाही, असा शेवट केला होतास. मास्तरांनी तो लेख लागोपाठ दोन सोमवारी वाचला. गावकाराचे डोळे भरून आले. मला म्हणाला, "पार्वते, म्हंजी आपल्या कोंडीतलं मासं दर्याच्या लेकी. माहेराला आलेल्या."

मी म्हटलं, "माहेराला आल्या तर परत का जात न्हाईत? ते मासे जन्मापासून हितंच हायत. तुम्ही बारके असल्यापासून बघताय."

"तुजी चवथी झालीया," तो म्हणाला. "त्याचं छापून येतंय."

गोवा सुटला त्याच्या पुढच्या वर्षी रस्त्याचं काम आपल्या गावापर्यंत आलं. कातळ फोडायला सुरुंग लावायचे. मिस्त्री होता हुबळीकडचा, बोलायला गोड. माणसं पुष्कळ, रोजची आमटी खाऊन कंटाळलेली. त्याने देवाची कोंड पाहिली आणि गावकाराकडे आला. म्हणाला, एक बार उडवू, मासे अर्धे गावाला, अर्धे आम्हाला.

आधीचा गावकार असता, किंवा हाच गावकार तुझा लेख ऐकण्याच्या आधीचा असता, तर मिस्त्रीला नदीपलीकडे घालवून आला असता. पण देवळात बैठक बसली. दोन तास बोलणं चाललं. म्हातारी माणसं म्हणाली, देव कोपेल. तरुण म्हणाले, कोपायला मासे कुठे संपताहेत, दर्यातून पुन्हा येतील. दामू म्हणाला, "म्हस पुरायला लावली तवा दत्तूचं खरं, आनि आता खोटं व्हय?" मी मागे बायकांत बसले होते. म्हटलं, "दत्तूला इचारून तरी बगा." मास्तर म्हणाले, "अक्का, विचारायचं काय त्यात? त्याने लिहून ठेवलंय." आणि त्यांनी तो अंक पुन्हा काढला आणि तेवढाच भाग वाचला.

गावकार शेवटी म्हणाला, "दर्या न्हाई म्हनत न्हाई. मग देव कशाला म्हनंल?"

सकाळी बार उडाला. कोंडीचं पाणी देवळाच्या कळसाएवढं वर गेलं. मग सगळं शांत झालं आणि मासे वर आले, पांढरी पोटं वर करून. एवढे मासे तिथे आहेत हे आम्हालाही माहीत नव्हतं. लहान, मोठे, पोटात अंडी असलेले. टोपल्या भरल्या. आपल्या घरीही टोपली आली. मी कापले, शिजवले, खाल्ले. मासा चांगला होता. गावात दोन दिवस कुणी दुसरं काही शिजवलं नाही आणि लोक तुझं नाव घेत होते. म्हणत होते, दत्तूच्या दर्यानं दिलं.

दिवाळीला गावकाराने नवा भात शिजवून पाण्यात सोडला. भात थोडा वेळ तरंगला, मग बुडाला. तो उभा राहिला. म्हणाला, वाट लांबची आहे, पुढच्या सालाला येतील. पुढच्या सालाला तसंच झालं. त्याच्या पुढच्यालाही. तुझ्या समुद्राची वाट बघणारी अशी माणसं तू कधी बघितली नाहीस, दत्तू. पावसाळा संपला की बाप्ये कोंडीवर जाऊन खाली वाकून बघायचे. पोरं ओरडायची, "आलं, आलं," आणि ते पान असायचं. देवाचा कोप झाला असता तर गाव घाबरलं असतं, नवस बोललं असतं, काहीतरी केलं असतं. तुझ्यामुळे ते नुसतं वाट बघत बसलं. कुणाला वाईटसुद्धा वाटलं नाही. ज्याचं पुन्हा मिळणार त्याचं वाईट कशाला वाटेल?

मग मिस्त्री वरच्या कोंडीबद्दल बोलू लागला. ती देवाची नाही, कुणाचीच नाही. गावापासून वर, कड्याच्या पोटात आहे, तिथे वाट नाही म्हणून कुणी जात नव्हतं. रस्ता तिकडून जायचा होता. आता ते मासे तेवढ्याच ठिकाणी उरले होते. मी गावकाराला म्हटलं, ही तरी ठेवा. तो म्हणाला, "दत्तू लिवू दे तसं. ज्यानं लिवलं त्यानंच खोडायचं. मग मी मिस्त्रीला दारात हुबं करनार न्हाई."

म्हणून मी कारवारला आले. लाकडाच्या लॉरीतून कद्र्यापर्यंत आणि पुढे होडीने, आपल्याच नदीवरून. तुला वाटलं मी समुद्र बघायला आले. संध्याकाळी मला वाळूवर घेऊन गेलास आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिलास, मी काय म्हणते म्हणून. मी काही म्हटलं नाही. तुला वाईट वाटलं, ते मला दिसलं. खरं सांगायचं तर मला समुद्र दिसलाच नाही. ओली वाळू दिसली तर तुझं वाक्य आठवलं, वाऱ्याचा वास आला तर तुझं वाक्य आठवलं. माझ्या डोळ्यांनी बघायला काही उरलंच नव्हतं. तू माझ्या आधी सगळं बघून ठेवलं होतंस. मला राग आला. गावकाराचं काय झालं असेल ते मला त्या वाळूवर कळलं.

जेवताना मी कोंडीचं सांगितलं. बार, मासे, वाट बघणं, वरची कोंड. सुमतीचा हात वाढता वाढता थांबला. तू म्हणालास, "अक्का, ते तसं घ्यायचं नसतं. ते काव्य आहे."

"गावात कुणाला सांगितलंस व्हय, ते तसं घ्यायचं नसतं म्हणून?"

"लोकांना आधी एखाद्या गोष्टीचं प्रेम वाटायला हवं. प्रेम वाटलं की माणूस आपोआप ती जपतो. म्हणून मी सुंदर लिहितो."

"त्यांना लई प्रेम वाटलं," मी म्हटलं. "बार उडवताना तुझंच नाव घेत होते."

सुमती म्हणाली, "वन्सं, जेवू तरी द्या त्यांना."

मी म्हटलं, "जेवू दे की. दर्याचंच आहे, कमी होणार नाही."

ते मी टोमणा म्हणून बोलले. तुझ्या हातातला घास खाली आला. तू आपल्या बोलीत बोललास. इतक्या वर्षांत तू माझ्याशीसुद्धा पुस्तकी बोलायला लागला होतास. म्हणालास, "अक्का, ते मासे दर्याचे न्हाईत हे मला ठाऊक हाय. त्या दगडावर बसून मी दुसरं काय बगत हुतो?"

मी विचारलं, मग असं का लिहिलंस.

तू म्हणालास की गावाबद्दल लिहायला बसलं की भूक आठवते. पाण्यात एवढे मासे आणि घरात चूल पेटलेली नाही, आणि हात लावायचा नाही. हात लावायचा नाही असं म्हणणारा देव तुला नको होता. कुणालाही नाही न म्हणणारं काहीतरी हवं होतं. ते तुला रापणीच्या दोरावर सापडलं. तेच लिहीत राहिलास.

ते मला लागलं. तुला उपाशी मीच झोपवत होते ना. पण दत्तू, तुझी ती भूक तू लिहायला हवी होतीस. तीच लिहिली असतीस तर गावकाराला कळली असती, तोही त्याच आषाढात उपाशी होता. तू भूक लपवलीस आणि तिच्या जागी न आटणारा समुद्र ठेवलास. आम्ही तो खरा धरला.

निघताना तू होडीपर्यंत आलास. म्हणालास, "लिहितो अक्का. एवढा पावसाळा जाऊ दे." मी विचारलं, काय लिहिणार ते सांग. तू म्हणालास, "कोंडीतले मासे कोंडीतच होतात, असं." मी म्हटलं, एवढंच लिही, त्यात चांदणं घालू नकोस. तू हसलास. तेव्हाचं तुझं हसणं मला आठवतं, बाकीचं फारसं नाही.

पावसाळा गेला. तू चांदण्यावर लिहिलंस. मग शंखांवर लिहिलंस, मग दीपगृहावर. सोमवारी मी सगळ्यांच्या आधी देवळात जाऊन बसायची. मास्तर वाचायचे, मी शेवटपर्यंत ऐकायची आणि उठून घरी यायची. गावकार एकदा म्हणाला, "न्हाई लिवलं की गं त्यानं." त्याच्या आवाजात आनंद नव्हता. त्यालाही हवं होतं बहुतेक. एकदा हो म्हटलेल्या माणसाला नाही म्हणायला कुणाचा तरी आधार लागतो. रस्त्याचं काम मध्ये रखडलं, म्हणून कोंड एवढी वर्षं टिकली. त्यात आपल्या कुणाचं काही कर्तृत्व नाही.

तुझं का लिहायचं राहिलं, ते मी तेराव्यापर्यंत तुझ्या घरी विचारत होते. सुमती म्हणाली, पुष्कळदा बसायचे, दोन ओळी लिहायचे आणि फाडायचे. म्हणायचे, वाईट होतंय. तिला वाटलं मला हे ऐकून बरं वाटेल. मला आणखी राग आला. वाईट झालं असतं तर झालं असतं. आम्हाला चांगलं नको होतं. तुझ्या इतक्या चांगल्या लेखांमध्ये एक वाईट लेख गावाने सांभाळून घेतला असता. दोन ओळी पुरेशा होत्या, आणि त्या तू लिहिल्याही होत्यास. त्या फाडण्याआधी तुझ्या मनात कोण होतं, बेळगावचे वाचणारे की आम्ही, हे मला आता कधी कळणार नाही. छातीचं दुखणं वाढलं तेव्हा तू निरोप धाडून मला बोलवून घ्यायला हवं होतंस. मी समोर बसले असते, तू सांगितलं असतंस, मी उतरवून घेतलं असतं. माझं अक्षर अजून चांगलं आहे.

मी पोचले तेव्हा तुला नेलं होतं. राख सोडायला मात्र मी होते. नदी समुद्राला मिळते तिथे होडी नेली. सगळे रडत होते, एकजण तुझ्याच लेखातलं काहीतरी म्हणत होता. मी पाण्याकडे बघत होते. तू लिहिलंस ते खरं असतं तर पाऊस झाल्यावर तू नदीतून वर आला असतास. समुद्राने तुझ्या जागी दुसरा दत्तू पाठवला असता. तो पाठवणार नाही. एक होता आणि संपला, हे मला त्या होडीत पहिल्यांदा नीट कळलं, आणि मी रडले. तुला वाटेल अक्का रडत नाही. सुमतीला विचार म्हटलं असतं, पण आता तुला कुणाला काही विचारता येत नाही.

गावी आले तर रस्त्याची माणसं कड्याखाली उतरलेली. मिस्त्री तोच, केस पिकलेले. गावकार मला भेटायला आला, दारात बसला, तुझ्याबद्दल चांगलं बोलला. उठताना म्हणाला, "जत्रेनंतर करतो म्हनतोय मिस्त्री. आता काय सांगायचं त्याला? दत्तू तर ऱ्हायला न्हाई."

तेव्हा मला संपादकांचं बोलणं आठवलं. तू गेलास म्हणून तुझ्या साप्ताहिकात मला जागा मिळाली आहे. तू असताना मिळाली नसती आणि मी मागितलीही नसती. अशी जागा मला नको होती.

तर आता देवळात बसलेल्यांसाठी लिहिते. मास्तर हे वाचत असतील तर त्यांनी मध्ये थांबू नये. आपल्या कोंडीतले मासे समुद्रातून येत नाहीत. ते इथेच अंडी घालतात, इथेच वाढतात आणि इथेच मरतात. खालची देवाची कोंड पुन्हा भरलीच तर वरच्या कोंडीतल्या माशांनी भरेल, त्याला पुष्कळ वर्षं लागतील. वरची गेली तर कुठूनही काही येणार नाही. दत्तूला हे ठाऊक होतं. त्याने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं आणि लिहून देतो म्हणाला होता. त्याचा तो समुद्र म्हणजे उपाशी पोराने मागितलेलं जेवण होतं. त्याने मागितलं यात त्याचं चुकलं नाही. पण ते मिळालेलं आहे असं समजून वागू नये. गावकार, तुम्हाला आधार हवा होता. हा घ्या. मिस्त्रीला नाही म्हणा.

हे वाचून लोक म्हणतील की बहिणीने भावाची राख थंड होण्याआधी त्याचं नाव खाली ओढलं. सुमतीला दुखेल. तिची समजूत मी नंतर काढीन. तू असतास तर हे सगळं नीट लावून दिलं असतंस, कुठलं वाक्य आधी, कुठलं नंतर. मला तुझं ते येत नाही, आणि तुला जे द्यायचं होतं ते तू दिलं नाहीस. म्हणून हे असं झालं आहे.

आज सकाळी वरच्या कोंडीवर गेले होते. या वयात ती उतरण नको, पण बघून लिहावं असं वाटलं. सुरुंगासाठी कातळाला भोकं पाडायला सुरुवात झाली आहे, त्याची पांढरी भुकटी काठावर पडली आहे. पाणी स्वच्छ आहे. मासे आहेत. मी अगदी कडेला उभी राहिले, माझी सावली त्यांच्यावर पडली, तरी ते हलले नाहीत. माणसाला घाबरायचं असतं हे त्यांना अजून माहीत नाही.

तुझी,
अक्का